एक वाडगा, एक चमचा

ब्रेझोव्का, शारिश परगणा
१४ ऑक्टोबर १९०६

बोर्के,

देवाचं नाव घेऊन लिहायला बसते. इथे मी, आई आणि माझी इल्का, तिघी धडधाकट आहोत. तुम्हीही समुद्रापलीकडे तसेच असा. बटाटे काढून झाले, आलुबुखार वाळत घातलेत, गाईला कालवड झाली.

तुमचा फोटो पोचला. आईनं तो आधी संत निकोलसच्या तसबिरीमागे खोचला. दुसऱ्या दिवशी तसबिरीपुढे आणला. आता संत मागे आणि तुझी हॅट पुढे. येईल त्याला दाखवते, “ही माझी बोर्का बघा, अमेरिकेत हॅट घालते!” तिच्या पायांना शेक देणारी मी तिथेच बसलेली असते, पण रोज दिसणाऱ्या माणसाला कोण दाखवतं?

हॅट छान आहे हो. खोटं कशाला बोलू, पाहिली आणि पोटात जळलं. आपल्या पंचक्रोशीत हॅट फक्त नोटरीच्या बायकोला, आणि ती आली की आपण चिखलात उतरून वाट देतो. उद्या तू आलीस तर तुलाही वाट द्यावी लागेल की काय मला? माझ्या डोक्याला तोच रुमाल आणि पाठीला तीच टोपली.

आता मुद्द्याचं विचारते. फोटोत तुझा मिकुलाश खुर्चीत, तू शेजारच्या खुर्चीत, आणि माझा ओंद्रेय तुझ्या खुर्चीमागे उभा. त्याचे हात कुठे आहेत? खिडकीशी नेऊन पाहिला फोटो, दिव्याशी धरून पाहिला. दोन्ही हात तुझ्या पाठीमागे गेलेत ते परत बाहेर आलेले नाहीत. तोंडही उतरलेलं आहे, चोरी पकडल्यासारखं. फोटोवाल्याला माझ्या नवऱ्याला उभं करायला दुसरी जागा मिळाली नाही का?

आणि सुगीपासून त्याची पत्रं तुझ्या अक्षरात का येतात? त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती, ठाऊक आहे मला. पण ती माझी कोंबडी होती.

तीन वर्षं झाली तो जाऊन. चार भावांत वाटणी झाल्यावर आमच्या वाट्याला जी पट्टी आली, तिच्यात नांगर वळवायचा तर शेजाऱ्याच्या रानात पाय टाकावा लागतो. त्यात तो एजंट आला, कारखान्याचं रंगीत चित्र दाखवलं, आणि अर्धा गाव उठून गेला. आता चर्चची घंटासुद्धा बायकाच वाजवतात. जाताना ओंद्रेय म्हणाला होता, “ईस्टरला तुझं बोटीचं तिकीट पाठवतो.” तीन ईस्टर गेले. चौथ्याला तरी येणार का, एवढं कळव. तो तुझ्या घरात राहतो, तुझ्या हातचं जेवतो. तुला माहीत असणारच.

तुझी थोरली बहीण
झुझा

*

मोनोंगहेला नदीकाठ, पेन्सिल्व्हेनिया
९ डिसेंबर १९०६

झुझाताई,

देव तुला, आईला आणि इल्काला सुखात ठेवो.

हॅटचं आधी सांगते, म्हणजे तुझ्या पोटातली आग विझेल. हॅट फोटोवाल्याची. खुर्च्याही त्याच्याच, आणि मिकुलाशच्या खिशाची साखळीही त्याचीच. साखळीच्या टोकाला घड्याळ नाही, तिथे नुसता खिसा आहे. फोटो निघाला की हॅट काढून पुढच्या बाईच्या डोक्यावर ठेवतात. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या आयांनी तिकडे त्याच एका हॅटचे मुके घेतले असतील. मी रुमालच बांधते. सकाळी पांढरा असतो, संध्याकाळी तुझ्या चुलीच्या तोंडासारखा.

दुरून डोंगर साजरे, ताई. माझी खाणावळ म्हणजे दोन खोल्या आणि अकरा गडी. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच गाद्यांवर पडतात, चादर गार व्हायला सवड नाही. मोठ्या पातेल्यात अकरा जणांचं मांस एकदम शिजतं. ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीचा तुकडा आणायचा आणि त्याला आपला दोरा बांधायचा. कोणाचा लाल, कोणाचा निळा, कोणाचा गाठीचा. एकदा दोरे सुटले तर दोघांनी डोकी फोडून घेतली होती. दोरे ओळखता ओळखता माझे डोळे गेले.

पत्रं मी लिहिते कारण दाजी थकलेले असतात. त्यांना लेखणी धरवत नाही. फोटोत फोटोवाल्यानं उभं केलं तसे ते उभे राहिले. तिकिटाचं म्हणशील तर थोडं थांब. एवढंच सांगते, जास्त विचारू नकोस.

तू माझ्यावर जळतेस हे वाचून मला हसू आलं, आणि मग नाही आलं. मे महिन्यात माझं तान्हं गेलं, तुला लिहिलंच होतं. कारखान्यामागच्या टेकडीवर पुरलं. तिथे गवत उगवत नाही. तू आईचे पाय शेकतेस याची तुला तक्रार! माझे हात इथे दिवसभर गरम पाण्यात असतात, पण ते आईच्या पायांना कधी लागणार? पोरगी तुझ्या कुशीत, आई तुझ्या चुलीशी, आणि ते मागचं आलुबुखाराचं झाड. तुझ्याजवळ काय नाही गं?

तुझी
बोर्का

*

ब्रेझोव्का
३ मार्च १९०७

बोर्के,

माझ्याजवळ काय नाही म्हणून विचारलंस. नवरा नाही. तो तुझ्याजवळ आहे.

गाश्पार परत आला. तोच, तुझ्या खाणावळीत दीड वर्ष राहिलेला. कोटाला साखळी, साखळीला खरंखुरं घड्याळ, आणि दर चार वाक्यांनी ते काढून पाहतो. इथे वेळ पाहून करायचंय काय? गाय तर आपल्या वेळेला दूध देते. पहिल्याच संध्याकाळी गुत्त्यात फुशारकी मारत होता, “अमेरिकेत मालकीण पाठ घासून देते! गडी कामावरून आला की टबात वाकायचं, बोर्का साबण घेऊन हजर!” सगळा गुत्ता हसला. ते हसू कोंबडं आरवायच्या आत माझ्या दारात पोचलं.

मी त्याला घरी बोलावलं. आलुबुखाराची दारू पुढे ठेवली. आईही होती.

“काय रे गाश्पार, माझा माणूस बरा जेवतो ना?”

“जेवतो की वहिनी.”

“मांस घेतो?”

“घेतो. म्हणजे, त्याच्या नावाचा तुकडा नसतो पातेल्यात. त्याचा दोराच नसतो.”

“मग खातो काय?”

“बोर्का देते ना. आपल्याच वाडग्यातलं. स्वतः भरवते चमच्यानं...”

आणि जीभ चावली. बोलून बसल्यावर पुरुषांना जीभ आठवते. मी म्हटलं, “भरवते? का?” तर हा उठला. “मी क्रुसावर हात ठेवून शपथ घेतलीय, वहिनी, मला काही विचारू नका.” टोपी उचलली आणि घड्याळ सावरत पळाला. अर्धा पेला तसाच टाकून! गाश्पारनं आजवर पेला टाकला नव्हता.

आई म्हणते, “धाकटीनं दाजीला दोन घास भरवले तर काय आभाळ कोसळलं?” तुझ्या बाबतीत आईला काही कोसळलेलं दिसतच नाही.

बोर्के, तू ब्रेझोव्कात जन्मलीस. तुला मी सांगायला हवं? नवरीच्या डोक्यावर लग्नाचं टोपरं चढलं की नवराबायकोपुढे एक वाडगा येतो आणि एक चमचा. सगळ्या गावादेखत त्या एका चमच्यानं दोघं सूप पितात, आणि मगच आजीबाया म्हणतात की लग्न लागलं. पाद्रीबाबांनी लावलेलं नंतर, हे वाडग्याचं आधी. त्या वाडग्याला तिसरं कोणी शिवत नाही. माझा वाडगा ओंद्रेय गेला त्या दिवसापासून फळीवर पालथा आहे. मी स्वतः त्यात एकटीनं कधी जेवले नाही.

आणि तिकडे तू सरळ आपल्या वाडग्यात त्याला घेऊन बसलीस. पाठ धुतेस, पत्रं लिहितेस, घास भरवतेस. आता राहिलं काय? फोटोतले हात कुठे होते ते मला कळलं. चौथा ईस्टर येतोय आणि तिकीट का येत नाही तेही कळलं.

खरं काय ते लिही. मला माझा नवरा आहे की नाही, एवढंच हवंय.

झुझा

*

मोनोंगहेला काठ
२० एप्रिल १९०७

ताई,

तुझं पत्र मी चुलीत घातलं. मग वाटलं, आईनं ज्या टेबलाशी मला अक्षर शिकवलं त्याच टेबलाशी बसून तू ते लिहिलंस. राख चाळत बसले वेड्यासारखी.

हो, पाठ घासते. अकराच्या अकरा घासते. भट्टीपाशी बारा तास उभा राहिलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याला आपला हात पाठीपर्यंत उचलवत नाही. मिकुलाश समोर पाइप ओढत बसलेला असतो. या गल्लीतली प्रत्येक खाणावळवाली हेच करते, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येकीनं लाजून रडून घेतलेलं असतं. नंतर ती पाठ आणि परात यांत फरक राहत नाही. पाठीला तोंड नसतं, ताई.

हो, माझ्या वाडग्यातलं भरवलंही. एक चमचा, एक वाडगा. मला ब्रेझोव्का विसरलेली नाही आणि मीही ब्रेझोव्का विसरलेली नाही. पहिला चमचा उचलताना मला तुझं लग्नच आठवलं होतं. तरी उचलला. का, ते मला विचारू नकोस. दाजींना विचार. मीही शपथेत अडकलेय, आणि ती मोडली तर त्यांना तोंड दाखवायला मला जागा राहणार नाही.

तू मला असं पाण्यात पाहशील असं वाटलं नव्हतं. लहानपणी माझी बाहुली तुझ्याहून बरी निघाली तर तू तिचे केस कापले होतेस. आता माझ्याकडे बाहुली तरी कुठे आहे? सकाळी धुतलेले कपडे वाळत घालते, धूर त्यांना दुपारपर्यंत पुन्हा काळं करतो, संध्याकाळी पुन्हा धुते. याच्यावर जळायचं असेल तर जळ.

देवाशप्पथ सांगते, तुझं काही मी घेतलेलं नाही.

बोर्का

*

ब्रेझोव्का
६ ऑक्टोबर १९०७

बोर्का,

दाजींना विचार, म्हणालीस. विचारलं. मे महिन्यात चार पानं लिहिली त्याला, रडून नव्हे, नीट विचारून. उत्तराची वाट पाहत गवत कापलं, राय धान्य कापलं, बटाटे काढले. गेल्या आठवड्यात उत्तर आलं.

तुझ्या अक्षरात!

“प्रिय झुझा, मी बरा आहे, काळजी करू नकोस, योग्य वेळी सगळं सांगेन.” योग्य वेळ कोण ठरवणार, तू? त्याच्या तोंडात घास तू घालायचा आणि शब्दही तूच घालायचे? मी इतकी खुळी वाटले तुम्हा दोघांना? इल्का शेजारी उभी होती. “बाबांचं पत्र?” म्हणून उड्या मारत होती. मी म्हटलं, “नाही, मावशीचं.”

मूग गिळून बसायचे दिवस संपले. मी तुझ्या मिकुलाशला पत्र टाकलंय. त्याला वाचता येत नाही हे माहीत आहे. तुमच्याकडे गुत्तेवाला सगळ्यांची पत्रं मोठ्यानं वाचून दाखवतो, गाश्पारनं सांगितलंय. वाचू दे. ब्रेझोव्काची, शेजारच्या क्लुशोव्हची सगळी माणसं बसलेली असू देत. मी सात महिने गावाचं हसू सोसलं, तुम्ही एक संध्याकाळ सोसा. आत काय लिहिलंय ते कळेलच.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तुझी हॅट अजून संतापुढेच आहे. मी येताजाता तिच्याकडे पाठ करते.

झुझा

*

मोनोंगहेला काठ
२४ नोव्हेंबर १९०७

झुझाताई,

तुला पुन्हा कधी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दाजी कुठे आहेत ते मला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. शपथही आता उरली नाही. त्यांनीच ती मोडली.

गेल्या महिन्यापासून कारखाना जवळजवळ बंद आहे. भट्ट्या गार, आभाळ एकदम निळं, आणि सगळ्यांची तोंडं काळजीनं काळी. माणसं दिवसभर गुत्त्यात शेकोटीशी बसून असतात. महिन्याच्या सुरुवातीला तुझं पत्र आलं. मीही तिथेच होते, मिकुलाशला बोलवायला गेलेली. गुत्तेवाल्यानं चष्मा लावला आणि सुरू केलं.

सुरुवातीला सगळे हसले. एक वाडगा, एक चमचा आलं तेव्हा मिकुलाश तर इतका हसला की त्याला ठसका लागला. कारण त्यांना सगळ्यांना माहीत होतं, ताई. ठाऊक नव्हतं ते फक्त तुला. मग ते वाक्य आलं. तुझंच आहे, मी पुन्हा लिहिते, तू पुन्हा वाच. “ज्या हातानं तो माझ्या बहिणीच्या वाडग्याला शिवतो, तो हात झडून पडो.”

गुत्तेवाला थांबला.

दाजी शेकोटीशी बसले होते. उठले. उजवी बाही वर केली आणि मनगटाच्या वर जिथे हात संपतो तो थोटा भाग टेबलावर ठेवला. सावकाश, पेला ठेवावा तसा. म्हणाले, “मिकुलाश, कळवून टाक तिला. म्हणावं, झडला. तू म्हणायच्या आधीच झडला.”

आणि बाहेर गेले. संध्याकाळी त्यांचं गाठोडं जागेवर नव्हतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमधली गोष्ट. दर दुसऱ्या रविवारी पाळी बदलते तेव्हा माणूस रात्रंदिवस सलग उभा असतो. पहाटे डुलकी लागली असेल. तापलेली सळई चिमट्यानं रोलरमध्ये घालायची असते. चिमटा आत ओढला गेला, मागोमाग हातमोजा, मागोमाग हात. सोडवताना डावाही भाजला, तो ख्रिसमसपर्यंत पट्टीत होता. फोटोत त्यांचे हात माझ्या पाठीमागे होते, कारण पुढे दाखवायला हात नव्हते. तो फोटो त्यांनीच काढायला लावला. म्हणाले, “झुझाला वाटू दे, मी धड आहे.” दोरा बांधायला बोटं नव्हती. लेखणी धरायला नव्हती. चमचा धरायला नव्हती. मग कोणी भरवायचं होतं? गाश्पारनं?

मला, गाश्पारला, गावाकडच्या सगळ्या माणसांना त्यांनी शपथ घातली. “थोटा माणूस शेताच्या काय कामाचा? झुझा तिथे दुसऱ्यांच्या डोळ्यांतली कीव बघत बसेल. आधी तिचं तिकीट पुरं करतो. इथे आली, धक्क्यावर उतरली, की स्वतः दाखवतो. पत्रातून नाही.” म्हणून कारखान्याच्या फाटकाशी कंदील पुसायचं काम धरलं. डाव्या हाताला मी काच पुसायला शिकवलं, मग चमचा धरायला शिकवलं. लिहायला तो हात शिकला नाही.

तू नवरा आहे की नाही विचारत होतीस. होता. इतका होता की मला त्याचा राग यायचा.

परतीच्या बोटी भरभरून चालल्यात. काम नाही म्हटल्यावर आलेली माणसं लोंढ्यानं मागे निघालीत. दाजी त्यांतच असावेत. नसले तर मला विचारू नकोस. मी नदीकाठी रोज जाऊन पाहते.

बोर्का

*

ब्रेझोव्का
२२ मार्च १९०८

बोर्का, माझे आई,

दोन महिने लेखणी धरवत नव्हती. आज धरली.

आला. जानेवारीत, तुझं पत्र पोचल्यावर पाचव्या आठवड्यात. ते पाच आठवडे कसे गेले ते लिहीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी मी, त्या दिवसांत एक शब्द बोलत नव्हते. आईला वाटलं मला घशाचं दुखणं झालं.

मोठ्या रस्त्यानं नाही आला, मागच्या आलुबुखाराच्या झाडाकडून आला, गुडघाभर बर्फातून. इल्कानं ओळखलं नाही. धावत येऊन म्हणाली, “आई, एक माणूस आलाय. त्यानं एक बाही खिशात खोचलीय.”

काय बोलावं? चुकले म्हणावं तर तो शब्द केवढासा. मी पाटावर चढले, फळीवरचा पालथा वाडगा उचलला, पुसला, त्यात जवाचं सूप ओतलं, एकच चमचा घेतला. त्याच्यासमोर बसले. चमचा भरला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

त्यानं डाव्या हातानं तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाला, “येतं मला. बोर्कानं शिकवलंय.”

आणि जेवला. एक थेंब सांडला नाही.

त्या वाक्याबद्दल तो बोलत नाही. मी एकदा सुरुवात केली तर म्हणाला, “गाईला पाणी दाखवलंस का?” रागावलेला नाही. निदान दिसत तरी नाही. नांगराचा कासरा गळ्यात अडकवतो आणि डाव्या हातानं दांडी धरतो. इल्का त्याला सोडत नाही. गाश्पार येतो, दोघं पेल्याशी बसतात, आणि गाश्पार आता घड्याळ काढत नाही. गाव मला काही बोलत नाही. पूर्वी हसायचं ते बरं होतं.

शनिवारी मी त्याची पाठ घासली. त्यानं नाही सांगितलं, मीच टब काढला. घासताना म्हणाला, “जरा हलक्या हातानं.” मी विचारलं, “कोणासारख्या?” त्यानं डाव्या हातानं साबण माझ्याकडे सरकवला.

तुला वाटेल आता हिला काय झालं, सगळं कळलं, नवरा घरी आला. ऐक. आधी मी जे नव्हतं त्यावर जळत होते. आता जे होतं त्यावर जळते, आणि हे विझत नाही. त्याचा हात गेला तेव्हा तू होतीस. पट्टी तू बदललीस. तो कण्हला असेल ते तू ऐकलंस. त्याचं दुखणं माझं होतं गं, लग्नात मी तेही घेतलं होतं, आणि ते सगळं तुला मिळालं. आता तो शहाण्यासारखा स्वतः जेवतो, आणि उचलेल त्या प्रत्येक चमच्यात मला तू दिसतेस. मला भरवायला काही उरलंच नाही.

टोपरं पाठवतेय, तुझं लग्नाचं, आईच्या पेटीतलं. तिकडे घालू नकोस हवं तर. नुसतं जवळ ठेव.

आणि एक मागते. मला सगळं लिही. पहिल्या दिवशी काय भरवलंस? तो रडला का? काय म्हणाला? त्याला विचारलं तर “आठवत नाही” म्हणतो. तुला आठवत असणारच. ते माझं आहे, बोर्का. मला ते दे.

झुझा

*

मोनोंगहेला काठ
३ मे १९०८

झुझाताई,

टोपरं पोचलं. मिकुलाश म्हणाला, “बघू, घाल,” आणि मी घातलं. खाणावळीत आता चारच गडी उरलेत. चौघांनी टोप्या काढल्या. मी रडले आणि मग भांडी घासली.

दाजी पोचले हे मला तुझ्याकडून कळलं. नदीकाठी जाणं आता बंद केलंय.

मागितलंस ते देते. द्यायचं नव्हतं. तुला मी सगळं लिहिलं तेव्हा एवढं एकच मागे ठेवलं होतं, आणि का ठेवलं ते तू ओळखशील, तू माझीच बहीण आहेस.

पहिल्या दिवशी जवाचंच सूप होतं. ते तोंड उघडेनात. भिंतीकडे पाहत पडून होते. मी चमचा धरून इतका वेळ बसले की सूप गार झालं. गरम केलं, पुन्हा बसले. शेवटी म्हटलं, “दाजी, ताईनं पाठवलंय.” समुद्रापलीकडून कोणी सूप पाठवतं का! पण त्यांनी तोंड उघडलं. पहिला घोट घेतला आणि म्हणाले, “मीठ कमी आहे. तिच्या हातचं असं नसतं.”

रडले नाहीत. पण डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशीही मिटलेले, तिसऱ्याही दिवशी. ख्रिसमसपर्यंत, पट्टी सुटेपर्यंत, ते माझ्या हातून डोळे मिटूनच जेवले. मला वाटलं दुखत असेल. एकदा न राहवून विचारलं, “दाजी, डोळे का मिटता?”

म्हणाले, “उघडले की चमचा तुझा होतो.”

त्या दिवशी मी तुझ्यावर जेवढी जळले तेवढी हॅटपायी तूही माझ्यावर जळली नसशील. दुसऱ्या दिवशी सुपात मीठ घातलंच नाही. मुद्दाम. ते तसंच प्यायले, डोळे मिटून.

माझा मिकुलाश चांगला माणूस आहे, ताई. उघड्या डोळ्यांनी जेवतो आणि वर मीठ मागतो.

तुझी
बोर्का